मुंबई-नागपूर अंतर किती, विमानाला वेळ किती आणि घरून निघून घरी पोचेपर्यंत किती: सगळा हिशोब स्वतः कसा काढायचा

मुंबई ते नागपूर अंतर सर्च केलं की एकाच पानावर कुठे ६८३ किमी दिसतं, कुठे ७०१, कुठे ८३७, आणि माणूस वैतागतो की यातला खरा आकडा कुठला. खरे तिन्ही आहेत. ६८३ हे एअरपोर्ट ते एअरपोर्ट हवेतलं सरळ अंतर, ७०१ ही समृद्धी महामार्गाची लांबी, आणि ८३७ च्या आसपास म्हणजे सीएसएमटीहून भुसावळ, बडनेरा, वर्धा करत जाणारी रेल्वे. वेळेचंही तसंच, कोणी म्हणतं तासाभरात पोचतो, तिकिटावर दीड तास आणि वर पाच-दहा मिनिटं असतात, आणि दादरहून निघून सीताबर्डीला पोचलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल अर्धा दिवस गेला.

हा हिशोब कुठल्याही दोन शहरांसाठी आपल्याला घरबसल्या काढता येतो, गणित दहावीच्या पुढचं नाही. मी मुंबई-नागपूर धरून दाखवतो, आणि जिथे गोष्ट बदलते, म्हणजे टाइम झोन, वारा, बंद असलेलं आकाश, तिथे मुंबई-लंडन घेतो, कारण आपल्याकडे कोणाचं ना कोणाचं लेकरू तिकडे असतंच.

१. आधी ठरवा, कुठून कुठपर्यंत मोजताय

शहर ते शहर अंतर हा प्रकारच जरा ढिला आहे. मुंबई म्हणजे कुलाबा की बोरिवली? या दोघांतच तीसेक किमीचा फरक. ब्रिटिशांच्या काळात मुंबईतले मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजत, नागपूरला तर झिरो माईलचा खांबच उभा आहे. विमानाचा या कशाशी संबंध नाही. विमानासाठी फक्त एअरपोर्ट ते एअरपोर्ट, म्हणून पहिलं काम म्हणजे तिकिटावरचे तीन अक्षरी कोड बघणं.

मुंबई बीओएम, नागपूर एनएजी. आता नवी मुंबई एअरपोर्टही आहे, डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय, आणि तिकिटाच्या साइटवर "मुंबई" टाकलं की कधी दोन्हीकडच्या फ्लाइट एकाच लिस्टमध्ये येतात. पनवेलला राहणाऱ्याला ते सोन्याहून पिवळं, पण अंधेरीत राहून चुकून नवी मुंबईचं तिकीट काढलं तर स्वस्तात मिळालेले पाचशे रुपये टॅक्सीवाला घेऊन जाईल, वर वेळ गेला तो वेगळाच.

गोव्यात हीच गंमत जास्त होते. दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. मुंबईहून हवेतलं अंतर दाबोळीला साधारण ४२५ किमी, मोपाला ३८५-३९०, म्हणजे विमानात बसलेल्या माणसाला काही कळणारही नाही. जमिनीवर मात्र चांगलंच कळतं. मोपा पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेला, त्यामुळे सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना सोयीचा. मडगाव-काणकोणला जायचं असेल तर दाबोळीच घ्या, नाहीतर अख्खा गोवा उभा कापत बसाल.

२. हवेतलं अंतर काढा

सगळ्यात सोपं म्हणजे कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, पहिल्या एअरपोर्टवर राइट क्लिक करा, मोजायचा ऑप्शन येतो तो दाबा, मग दुसऱ्या एअरपोर्टवर क्लिक. फोनवर बोट दाबून धरलं की पिन पडते, खालचं कार्ड वर ओढलं की तोच ऑप्शन मिळतो. किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट आहे, दिसायला अगदी साधी पण कामाची, दोन कोड मध्ये छोटी रेघ देऊन टाकले की नकाशासकट अंतर देते.

पण एकदा हाताने काढून बघाच, म्हणजे आकड्यावर विश्वास बसतो. गूगल मॅप्सवर राइट क्लिक केलं की सगळ्यात वर अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबई एअरपोर्ट साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर एअरपोर्ट २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

अक्षांशांतला फरक २.०० अंश. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किमी, सगळीकडे. म्हणजे नागपूर मुंबईच्या २२२ किमी उत्तरेला.

रेखांशांतला फरक ६.१८ अंश. इथे थोडी खोच आहे, रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात त्यामुळे एक अंश रेखांश विषुववृत्तावर १११ किमी असला तरी आपल्याकडे कमी भरतो. किती कमी, तर १११ ला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने गुणायचं. सरासरी २०.०९, त्याचा कोसाइन ०.९४, म्हणजे साधारण १०४.४ किमी. (मुंबई-नागपूर पट्ट्यात १०४-१०५ डोक्यात ठेवलं तरी चालतं.) ६.१८ गुणिले १०४.४ म्हणजे ६४५ किमी पूर्वेला.

आता पायथागोरस. २२२ चा वर्ग अधिक ६४५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, उत्तर ६८२. साइटवर ६८३ येतं. फोनच्या कॅल्क्युलेटरवर एवढं जवळ येत असेल तर आणखी काय पाहिजे?

मात्र ही युक्ती देशातल्या देशातच वापरा. हीच पद्धत मुंबई-लंडनला लावली तर उत्तर साडेसात हजार किमीच्या वर जातं, खरं अंतर आहे ७,२०० च्या आसपास. चूक साडेतीनशे किमीची, म्हणजे मुंबईहून गोव्याच्या जवळपास जाऊन पोचाल एवढी. कारण आपण कागद सपाट धरला आणि पृथ्वी गोल आहे. लांबच्या अंतरासाठी हॅवरसाइन नावाचं सूत्र असतं, एक्सेलमध्ये टाकता येतं, पण खरं सांगायचं तर त्यासाठी साइटच वापरा.

मुंबई-लंडनची ही सर्वांत जवळची रेषा कुठून जाते ते बघण्यासारखं आहे. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली तर ती सौदी, भूमध्य समुद्र अशी जाईल असं वाटतं. गोलावरची खरी रेषा मुंबईहून वायव्येला सरळ कराचीवर जाते, मग इराण, कॅस्पियनचा खालचा कोपरा, अझरबैजान, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी. ही यादी वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की पुढे काय अडचण येणार, त्यावर येतोच.

एक युनिटचं सांगून टाकतो. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. साधा मैल १.६०९ किमी. मुंबई-नागपूर ६८३ किमी म्हणजे ३६९ नॉटिकल मैल किंवा ४२४ साधे मैल. विदेशी साइटवर नुसतं "मैल" लिहिलेलं दिसलं की कुठला मैल ते आधी बघा, अर्धा गोंधळ तिथेच असतो.

३. त्यात वाकडी वाट मिळवा

विमान सरळ रेषेत कधीच जात नाही. मुंबईत तर निघतानाच उलटं जातं. मुंबईला वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवतात, म्हणून मुख्य रनवेवरून टेकऑफ पश्चिमेला, जुहूच्या दिशेने. जायचंय नागपूरला, म्हणजे पूर्वेला, आणि खिडकीतून पहिल्यांदा काय दिसतो तर अरबी समुद्र. मग वळसा घेऊन परत शहरावरून किंवा बाजूने पूर्वेकडे. पहिल्यांदा बसलेले लोक घाबरून शेजाऱ्याला विचारतात की हे विमान नागपूरचंच ना. नागपूरचंच असतं, फक्त पंधरा-वीस किमी फुकट गेलेले असतात.

येताना याच्या उलट, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून उतरायचं, त्यासाठी रांग. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे कागदावर दोन असले तरी एका वेळी एकच चालवतात. संध्याकाळी गर्दीच्या वेळी विमान शहराबाहेर घिरट्या घालतं ते यामुळेच.

हिशोबासाठी देशातल्या प्रवासाला सरळ अंतरात ८ टक्के मिळवा. ६८३ चे झाले साधारण ७३८ किमी. युरोपला जाताना ५ ते ८ टक्के, आणि मध्ये कुठलं आकाश बंद असेल तर जास्त.

४. वेळेचा अंदाज काढा

एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ ही आपल्याकडची नेहमीची जेट विमानं वर गेल्यावर ताशी ८००-८५० किमीने जातात. लंडनला जाणारी मोठी विमानं ताशी ९०० च्या आसपास. एटीआर म्हणजे पंख्याची विमानं छोट्या शहरांना लावतात, ती ताशी ५०० च्या घरात, त्यामुळे तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघायची सवय लावा.

सूत्र एवढंच: वाढवलेलं अंतर भागिले वेग, अधिक ३० मिनिटं. ती ३० मिनिटं टॅक्सी करणं, चढणं, वेग कमी करून उतरणं या सगळ्याची. ७३८ भागिले ८०० म्हणजे ५५ मिनिटं, अधिक ३०, झाला १ तास २५ मिनिटं.

तिकिटावर बघाल तर दीड तास, १ तास ३५, कधी त्याहूनही थोडं जास्त दिसेल. कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून पलीकडच्या गेटवर थांबलं तिथपर्यंत, याला ब्लॉक टाइम म्हणतात. आणि त्यात कंपन्या थोडी चरबी ठेवतात. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेली फ्लाइट आपल्याकडच्या आकडेवारीत वेळेवर धरतात, त्यामुळे वेळापत्रक जरा सैल ठेवलं की कंपनीचा रेकॉर्ड चांगला दिसतो. म्हणूनच कधी अर्धा तास उशिरा उडालेलं विमान दहाच मिनिटं उशिरा पोचतं आणि लोक म्हणतात पायलटने काय दामटवलंय. दामटवलं वगैरे काही नाही, वेळ आधीच धरून ठेवलेला होता.

खरा वेळ पाहिजे असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ती कधी उडाली, कधी उतरली ते दिसतं. चार-पाच दिवसांचे आकडे बघा आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरून पुढचा प्लॅन करा. सरासरीवर जाऊ नका, लग्नाचा मुहूर्त सरासरी बघत नाही.

५. वारा: जाताना आणि येतानाचा वेळ वेगळा का

हा भाग लोक गाळतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, हवाच ताशी १०० किमीने पुढे सरकत असेल तर ८३० ने उडणारं विमान जमिनीच्या हिशोबात ९३० ने जातं, आणि समोरून येत असेल तर ७३० ने. वरच्या सपाट प्रवासाचे ५०० किमी धरले तर एकीकडे ३२ मिनिटं, दुसरीकडे ४१. म्हणजे फक्त वाऱ्याने ९ मिनिटांचा फरक, एवढ्या छोट्या प्रवासात. मुंबई-नागपूर पट्ट्यात वारा दरवेळी एवढा नसतो, पण दिल्ली-कोलकाता किंवा दिल्ली-गुवाहाटी हिवाळ्यात बघा, येण्या-जाण्याच्या वेळापत्रकात चांगला फरक दिसतो.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा कारभार असतो. जून ते सप्टेंबर तिथे खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो, त्याला पूर्वेचा उष्णकटिबंधीय जेट म्हणतात, आणि तो जगासमोर नीट मांडला आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये. मान्सूनच्या बातम्या आपण रोज वाचतो पण हे नाव कोणाला माहीत नसतं.

लंडनच्या प्रवासात वाऱ्याचा खेळ पूर्ण दिसतो. वाढवलेलं अंतर ७,७०० धरलं, भागिले ९००, साडेआठ तास, अधिक अर्धा तास, म्हणजे ९ तास. पण जाताना वारा तोंडावर म्हणून पावणेदहा-दहा तास लागतात आणि येताना वारा पाठीवर म्हणून नऊच्या आसपास. "जाताना दहा लागले, येताना नऊच, पायलट चांगला होता" असं कोणी म्हणालं तर हा परिच्छेद पाठवा.

६. बंद आकाश

वर कराची आणि युक्रेनचं नाव आलं ते याचसाठी. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही पाकिस्तानी विमानांना केलं. म्हणजे मुंबई-लंडनच्या सर्वांत जवळच्या रेषेचे दोन तुकडेच गेले. भारतीय कंपनीचं विमान मग अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूने जातं, आणि तिकडे इराण-इराकमध्ये काही पेटलं की तोही रस्ता बदलतो. म्हणून एकाच दिवशी एकाच मार्गावर भारतीय कंपनी आणि ब्रिटिश कंपनी यांचा वेळ वेगळा असू शकतो. मुंबईपेक्षा दिल्ली-अमृतसरवाल्यांना हे जास्त जड गेलं, त्यांना पश्चिमेला जाण्याआधी दक्षिणेला खाली यावं लागतं.

यात तुम्ही करायचं एवढंच की दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर "दिल्ली-लंडन इतके तास" असं धरू नका. त्या आठवड्याची हिस्टरी बघा.

७. टाइम झोन, आणि रात्री बाराची तारीख

नागपूरला हा प्रश्न नाही. लंडनला आहे, आणि चुका इथेच होतात, कारण तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात.

भारत लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. समजा जूनमध्ये मुंबईहून दुपारी १:३० ला निघालात आणि तिकिटावर लंडन ६:४५ संध्याकाळ लिहिलंय. वजाबाकी करून लोक म्हणतात, सव्वापाच तासात लंडन! तसं नाही. लंडनचे ६:४५ म्हणजे आपले ११:१५ रात्रीचे. १:३० ते ११:१५, पावणेदहा तास. पद्धत नेहमी हीच, दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणा, मगच वजा करा. येताना लंडनहून रात्री ९:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:०५, तर लंडनचे ९:३० म्हणजे आपले पहाटे २, तिथून ९ तास ५ मिनिटं. तिकिटावर तो छोटासा +१ लिहिलेला असतो ना, तो दुसऱ्या दिवसाचा, घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना तो बघून सांगा.

आणि मध्यरात्रीचं. युरोप-आखाताच्या बऱ्याच फ्लाइट मुंबईहून रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:४० लिहिलंय, तर तुम्हाला १४ तारखेला रात्री साडेनऊला एअरपोर्टवर असायला पाहिजे. १५ ला रात्री जेवून-बिवून निघणारे लोक असतात, काउंटरवर जाऊन भांडतातही. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकताना "१४ ची रात्र, १५ उजाडताना" असंच लिहा.

८. मध्ये थांबा असेल तर

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, म्हणून मुंबई, दिल्ली किंवा आखात. मुंबईचंच उदाहरण घ्या, मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी, दुबई-लंडन साधारण ५,५००, बेरीज ७,४३०. म्हणजे थेट अंतरापेक्षा सव्वादोनशे किमी फक्त जास्त! अंतर बघून वाटतं काही फरक नाही. पण एक जास्तीचं उतरणं-चढणं आणि मधला थांबा मिळून तीन-चार तास सहज वाढतात. म्हणून थांब्याच्या प्रवासात किलोमीटर बघूच नका, साइटवर "एकूण वेळ" असतो तो बघा. थांबा दीड तासापेक्षा कमी असेल तर मी तरी म्हाताऱ्या आईवडिलांना त्या फ्लाइटने पाठवणार नाही, आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून तर मुळीच नाही, कारण पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमचं काही देणं लागत नाही.

आणखी एक, "डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" या दोन गोष्टी वेगळ्या. एकच फ्लाइट नंबर असून मध्ये कुठेतरी उतरून पुन्हा उडणारी फ्लाइटही डायरेक्ट म्हणून विकतात. नॉनस्टॉप शोधा.

९. आता खरा हिशोब: दार ते दार

दादरहून सीताबर्डी. दादर ते टी२ म्हणजे टर्मिनल २, टॅक्सीने पाऊण ते एक तास, वेळेवर अवलंबून. आता भुयारी मेट्रो ३ आहे, कफ परेड ते आरे, तिला टी१ आणि टी२ दोन्हीसाठी स्टेशनं आहेत, फक्त हातात एकच बॅग असेल तर ट्रॅफिकच्या वेळी मेट्रोच घ्या. टी१ आणि टी२ वेगळ्या जागी आहेत, रस्त्याने चार-पाच किमीचा फेरा पडतो, त्यामुळे टर्मिनल आदल्या रात्री मेसेजमध्ये बघून घ्या.

देशातल्या फ्लाइटला बॅग टाकायचा काउंटर सहसा ६० मिनिटं आधी बंद, गेट २५ मिनिटं आधी. म्हणून बॅग असेल तर पावणेदोन तास आधी, नसेल आणि डिजियात्रा (चेहरा दाखवून आत सोडणारं ॲप) असेल तर सव्वा तास आधी पोचलं तरी जमतं. दिवाळी, मे महिना, गणपतीच्या आधीचा आठवडा, तेव्हा वर अर्धा तास.

बेरीज करा: घर ते एअरपोर्ट १ तास, तिथे पावणेदोन तास, विमान १:३५, बेल्टवर बॅग येऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा तास, सोनेगावहून सीताबर्डी पंचवीस मिनिटं. सव्वापाच तास. वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, बॅग हलकी असेल तर तिथून थेट सीताबर्डी, पण टर्मिनलच्या दारात नाही ते, हे लक्षात ठेवा.

म्हणजे ६८३ किमीला सव्वापाच तास, सरासरी ताशी १३०. विमानाचा!

आता शेजारी बाकीचे ठेवा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा उघडल्यावर पूर्ण झाला, पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्येच सुरू झाला होता. ७०१ किमी, कारला कमाल वेग ताशी १२०, सरकार सांगतं आठ तास. पण हा रस्ता मुंबईत सुरू होत नाही, भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, दादरहून तिथपर्यंत ठाणे-भिवंडीच्या ट्रॅफिकमधून तास-दीड तास, पुढे जेवण, डिझेल, पाय मोकळे करणं. दार ते दार साडेनऊ ते साडेदहा तास धरा, आणि एकट्याने चालवू नका, रस्ता इतका सरळ आहे की दुपारी डोळा लागतो, टायर आधी तपासून घ्या. चार जण असाल तर पैशाच्या हिशोबात कार जिंकते.

रेल्वे रात्रीची, दुरंतोने सीएसएमटीहून रात्री बसलं की सकाळी नागपूर, अकराएक तास. पण त्यातले आठ तास झोपेतच जातात, एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि स्टेशनवरून बाहेर पडलात की समोरच गाव, सकाळी सकाळी तर्री पोहे. माझं मत विचाराल तर सकाळी दहाला नागपुरात काम असेल तर रात्रीची गाडीच बरी, कारण विमानाने तिथे दहाला पोचायचं तर दादरच्या घरातून पहाटे पाचच्या आधी निघायला लागतं आणि रात्र तशीही खराब होते. त्याच दिवशी जाऊन परत यायचं असेल तर मात्र विमानाला पर्याय नाही.

१०. उशीर कुठे होतो ते आधी बघा

तुमचं विमान त्या दिवशी आधी कुठे होतं ते बघा, फ्लाइटरडारवर विमानाचा नंबर दाबला की दिसतं. संध्याकाळी सातची फ्लाइट असेल आणि तेच विमान दुपारी चारला दुसऱ्या कुठल्या शहरात अजून उडालेलंच नसेल, तर ॲप "वेळेवर" म्हणत असलं तरी तुम्ही समजून जा. सकाळच्या पहिल्या फ्लाइटचं विमान रात्रीपासून तिथेच उभं असतं म्हणून ती सहसा वेळेवर सुटते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून येणारं विमान असेल तर दिल्लीच्या धुक्याचा फटका मुंबई-नागपूरलाही बसतो, नागपुरात लख्ख ऊन असलं तरी.

मुंबईत पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर एकेक दिवस दोन्ही रनवे दुरुस्तीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख आधीच जाहीर होते, मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं तिकीट काढण्याआधी बघून घ्या. त्या वेळेतल्या फ्लाइट आधीच हलवलेल्या असतात, पण पाचनंतर जी झुंबड उडते तिच्यात संध्याकाळच्या कनेक्शनची फ्लाइट घेऊ नका.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की विमान राहू द्या, आधी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा नकाशा उघडा.